ग्लूटेन चालत नाही अशा लहान मुलांसाठी लोशन, साबण, तेल: काय पाहून घ्यावं?

भुईकमळ

माझी लेक साडेतीन वर्षांची आहे. यंदा तिला सीलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं, म्हणजे गहू-जवातलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते. खाण्याची घडी आता बऱ्यापैकी बसली आहे: ज्वारी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा. पोटफुगी गेली, वजन वाढू लागलं. अडलंय ते त्वचेपाशी. तान्ही असल्यापासून तिची कातडी कोरडी आहे. कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत इसब उठतं, थंडीत तर खाजवून रक्त काढते. आम्ही नाशिकला असतो, इथली हिवाळ्यातली कोरडी हवा तुम्हाला माहीतच आहे.

तिला दिवसातून दोनतीनदा काहीतरी लावावंच लागतं, आणि ती अंगठा चोखते. हाताला लावलेलं सगळं तोंडात जातं. डॉक्टर म्हणाले, "ग्लूटेन त्वचेतून शरीरात शिरत नाही, काळजी करू नका." पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र कुणी म्हणतं शाम्पूसुद्धा बदला, कुणी म्हणतं डिटर्जंटही. 'ग्लूटेन फ्री' छापलेली लोशनं ऑनलाइन दिसतात, पण किंमत दुप्पट-तिप्पट. मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "मॅडम, ते बिस्किटात बघायचं असतं."

तुम्ही घरी काय वापरता आणि काय पाहून घेता? नुसती ब्रँडची नावं नकोत, कसं ठरवायचं ते सांगा.

सांजवारा

आधी एक विचारते. सीलिअ‍ॅकच आहे ना, गव्हाची अ‍ॅलर्जी नाही? दोन्हीत गहू बंद, म्हणून लोक एकच समजतात. माझ्या मुलाला अ‍ॅलर्जी आहे. त्याच्या गालाला कणकेचा हात लागला तरी पाच-दहा मिनिटांत गांधी उठतात. आमच्यासाठी त्वचेवर काय लागतं हा रोजचा प्रश्न आहे. तुमचं गणित वेगळं असेल.

भुईकमळ

सीलिअ‍ॅकच. रक्तात टीटीजी, म्हणजे सीलिअ‍ॅकसाठी तपासतात ती अँटिबॉडी, खूप वाढलेलं होतं आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तोही तपासला. अ‍ॅलर्जीची तपासणी केलेली नाही. कणीक लागून लगेच काही उठल्याचं कधी पाहिलं नाही.

बाळगुटी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला तपासल्याशिवाय औषध सुचवणार नाही, पण गोंधळ सोडवायला मदत करते.

सीलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेन लहान आतड्यात पोचलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्यासाठी ते गिळलं जायला हवं. ग्लूटेनचा रेणू मोठा असतो, धड त्वचेतून तो आत शिरून आतड्यापर्यंत जात नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. पाठीला, मांड्यांना, पोटऱ्यांना काय लावता यावरून सीलिअ‍ॅक भडकत नाही. सीलिअ‍ॅकचं एक त्वचेवरचं रूप असतं, डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, ज्यात कोपर, गुडघे, नितंबांवर अतिशय खाजणारे बारीक फोड येतात. तेही खाल्लेल्या ग्लूटेनमुळेच येतं, लावलेल्यामुळे नाही, आणि इतक्या लहान वयात क्वचितच दिसतं. कोपरावर बाहेरच्या बाजूने फोड येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लवणीतला कोरडा, लालसर चट्टा हे मात्र साध्या इसबाचंच लक्षण.

आता अंगठ्याचं. सीलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेनने आतड्याला इजा होत नाही असं मानलं जातं. समजा एखाद्या क्रीममध्ये १ टक्का गव्हाचं प्रथिन आहे. म्हणजे एक ग्रॅम क्रीममध्ये १० मिलिग्रॅम. मूल एक ग्रॅम चाटत नाही, पण दिवसातून तीनदा हाताला लावलं आणि अंगठा सतत तोंडात असेल तर थोडं थोडं जमत जातं, आणि आहारातून चुकून जाणारं वेगळंच. उलट ज्या क्रीममध्ये धान्याचा घटकच नाही आणि कारखान्यातल्या भेसळीने समजा दहा लाखांत २० भाग ग्लूटेन आलंय, त्याच्या एका ग्रॅममध्ये ०.०२ मिलिग्रॅम. ते नगण्य आहे.

म्हणून हात, ओठ, तोंडाभोवती जे लागतं त्यात गहू, जव, राय (गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) यांचा घटक नको. बाकी अंगासाठी महागडा शिक्का शोधत बसू नका. अ‍ॅलर्जी असेल तर मात्र सगळ्या अंगासाठी हाच नियम, कारण तिथे प्रथिन त्वचेला लागूनच त्रास होतो.

कोकणकडा

डॉक्टर, मनापासून विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे तीन पिढ्या पोरांना नारळाचं तेल चोळून मोठी केली. त्यात ग्लूटेन नाही, वास नाही, रंग नाही. घरच्या खोबऱ्याचं तेल असताना ही वीस-वीस नावांची बाटली कशाला?

बाळगुटी

राग कसला, प्रश्न चांगला आहे. साधं, वास न घातलेलं खोबरेल सौम्य इसबात चालतं, फिलिपिन्समध्ये मुलांवर त्याचा अभ्यासही झालाय आणि निकाल चांगले आले. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र नको, त्यांनी त्वचेचं वरचं आवरण कमजोर होतं. फक्त एक लक्षात घ्या, तेलात पाणी नसतं आणि पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीनसारखंही काही नसतं. कोकणातल्या दमट हवेत नुसत्या तेलाने भागतं. नाशिक-नगर-नागपूरच्या थंडीत ओलसर अंगावर आधी क्रीम आणि वरून तेलाचा पातळ थर, हे जास्त टिकतं.

रानजाई

लेबल कसं वाचायचं ते मी सांगते, आमच्याकडे दोन मुलांना सीलिअ‍ॅक आहे.

बाटलीवर 'गहू' असं सरळ लिहिलेलं बहुधा नसतं, वनस्पतींची लॅटिन नावं असतात. ट्रिटिकम म्हणजे गहू, हॉर्डियम म्हणजे जव, सेकेल म्हणजे राय. 'हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन', म्हणजे गव्हाचं तुकडे केलेलं प्रथिन, हे शाम्पू, कंडिशनर आणि केस मऊ करणाऱ्या क्रीममध्ये फार सापडतं, कधी त्याच्या आधी एक लांबलचक रासायनिक शेपूट असतं, पण शेवटी व्हीट प्रोटीन हे दोन शब्द येतातच. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' लिहिलं असेल तर ती वनस्पती कुठली हे कंपनीलाच विचारावं लागतं. माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बहुतेकदा जव. व्हीट जर्म ऑइल हे गव्हाच्या अंकुराचं तेल. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन फार थोडं राहतं, तरी हाता-तोंडाच्या क्रीममध्ये मी ते घेत नाही.

टोकोफेरॉल पाहून मात्र घाबरू नका. ते व्हिटॅमिन ई. पुष्कळदा सोयाबीनपासून काढतात, आणि प्रथिन त्यात जवळजवळ नसतंच. ग्रुपवर त्यावरून उगाच चांगल्या चांगल्या क्रीमा बाद केल्या जातात.

आणखी एक. आपल्याकडे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि त्याखालचे नंतर कसेही, असा नियम आहे. त्यामुळे यादीच्या तळाशी असलेलं व्हीट प्रोटीन साधारण १ टक्क्याच्या आतलं असतं. फार लहान पॅकवर मात्र घटक लिहिण्याची सक्ती नाही. म्हणून मी आधी मोठ्या बाटलीचं लेबल वाचते आणि मग प्रवासासाठी लहान ट्यूब घेते. उलट कधीच नाही.

भुईकमळ

रानजाई, खूप आभार. आत्ता घरातल्या बाटल्या काढून बसले होते. अंगाच्या लोशनमध्ये काहीच नाही. केसांच्या एका बाटलीत व्हीट प्रोटीन निघालं, ती आता मी वापरीन.

आणि 'ग्लूटेन फ्री' हा शिक्का खरा किती?

रानजाई

खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, व्याख्या आहे: किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको. सौंदर्यप्रसाधनं त्या कायद्यात येत नाहीत. त्यांना औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात, आणि तिथे ग्लूटेन फ्रीची अशी मोजपट्टी नाही. शिक्का मारणारी कंपनी प्रामाणिकही असू शकते, पण त्या शब्दांचा अर्थ ती स्वतः ठरवते. म्हणून कंपनीला मेल करताना "ग्लूटेन फ्री आहे का?" असं विचारू नका, उत्तर ठोकळेबाज येतं. "यात गहू, जव, राय किंवा ओट्सपासून केलेला कुठलाही घटक आहे का, आणि प्रत्येक बॅच तपासता का?" असं विचारा. आणि बाटलीवरचा बॅच नंबर मेलमध्ये टाका.

थेम्सकाठ

इंग्लंडहून लिहितेय. ओट्सच्या क्रीमांबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून. बाळांच्या इसबासाठी जगभर विकली जाणारी कितीतरी क्रीमं ओट्सची असतात, 'कोलॉइडल ओटमील' किंवा 'अव्हेना सटायव्हा' असं लिहिलेलं असतं. खाज कमी करण्यात ओट्सचा उपयोग होतो हे खरं आहे. पण ओट्स शेतात, गिरणीत गव्हाबरोबर मिसळतात, आणि सीलिअ‍ॅक असलेल्या थोड्या लोकांना शुद्ध ओट्ससुद्धा सोसत नाहीत. आमच्या मुलाला पाठीला ओट्सचं क्रीम लावतो, हाताला नाही.

दुसरं, किती लावायचं याचा अंदाज आपल्याकडे फार कंजूष असतो. इथे इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम क्रीम सांगतात! इथे मुलांना ते प्रिस्क्रिप्शनवर मोफत मिळतं म्हणून परवडतं. भारतात १०० ग्रॅमची महागडी ट्यूब पुरवून पुरवून महिना काढण्यापेक्षा स्वस्त, साधं, वास नसलेलं क्रीम मोठ्या डब्यात आणून भरपूर लावणं कितीतरी बरं. पेट्रोलियम जेलीत धान्याचं काहीच नसतं आणि ती प्रत्येक गावात मिळते.

एक इशारा, दिवाळी जवळ आहे म्हणून मुद्दाम देते. क्रीम आणि जेली कपड्यांत, चादरींत मुरते आणि असा कपडा नेहमीपेक्षा लवकर पेट घेतो. इथे सरकारी औषध संस्थेने २०१८ मध्ये ही सूचना सगळ्याच मॉइश्चरायझर क्रीमांसाठी काढली. धुऊनही ते पूर्ण निघत नाही. फुलबाज्या उडवताना पोरीला रोजचा, जेली मुरलेला फ्रॉक घालू नका.

मोगरी

दिवाळीचं निघालंच आहे तर उटण्याचं बोलते. घरी केलेल्या उटण्यात वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कपूरकचरी, संत्र्याची साल असं असतं, गहू नसतो. गव्हला असतो, पण ते सुगंधी बी आहे, धान्य नाही. विकतच्यात मात्र भर म्हणून कसलंही पीठ असू शकतं, तेव्हा पुडीवर वाचून घ्या. आणि गहू नसला तरी इसबाच्या कातडीला उटणं खरखरीत लागतं, सालीचा अर्क झोंबतो. मी धाकट्याच्या अभ्यंगाला नुसतं कोमट खोबरेल लावते आणि उटण्याचं बोट कपाळाला टेकवते. सण होतो, पोर रडत नाही.

तान्ह्या बाळांना कणकेचा गोळा तेलात बुडवून अंगावर फिरवतात, लव जावी म्हणून. मालिशवाल्या मावशी सगळीकडे हे करतात. ज्यांच्या घरात गव्हाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हे बाळाला करू देऊ नये असं मला आमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी बजावलं होतं. डाळीच्या पिठाचंही तेच, कोरड्या कातडीवर घासू नये.

सांजवारा

मोगरीताई, फार महत्त्वाचं बोललात. फाटक्या कातडीतून खाण्याची प्रथिनं आत गेली की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं, आणि तीच तोंडावाटे गेली की बहुधा मित्र, असं संशोधन सांगतं. ब्रिटनमध्ये २००३ साली शेंगदाण्याच्या तेलाची क्रीमं आणि मुलांमधली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी यांचा संबंध दिसला होता. जपानमध्ये तर चेहऱ्याच्या एका साबणात हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन होतं. ते रोज वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. आधी पोळी-पाव आरामात खाणारी माणसं ही! २०११ मध्ये साबण परत मागवला. त्यानंतर युरोपने सौंदर्यप्रसाधनांतल्या या प्रथिनाच्या तुकड्यांच्या आकारावर मर्यादा घातली.

म्हणून माझं मत डॉक्टरांपेक्षा थोडं कडक आहे. कातडी फाटलेली असेल तर सीलिअ‍ॅकच्या मुलालाही अंगावर कुठेच गव्हाचं प्रथिन लावू नये. सीलिअ‍ॅक वाढेल म्हणून नाही, वर अ‍ॅलर्जीची भर पडू नये म्हणून.

बाळगुटी

मान्य. इसब उघडं असताना त्यावर कुठलंच खाद्यप्रथिन नको: गहू नको, दूध-साय नको, बदामाचं कच्चं तेल नको. मी वर "बाकी अंगासाठी" म्हटलं ते सीलिअ‍ॅकच्या हिशेबाने. इसबाच्या हिशेबाने सांजवारांचं म्हणणं योग्य आहे.

भुईकमळ

म्हणजे साय आणि हळदही बंद. सासूबाई तिच्यावर जीव टाकतात, रोज संध्याकाळी वाटीत साय काढून ठेवतात. त्यांना हा धागा वाचून दाखवते.

पाळणाघराचं काय करू? तिथे खेळायची रंगीत कणीक असते आणि कागद चिकटवायला मैद्याची खळ करतात. हात मग तोंडातच.

रानजाई

हे लोशनपेक्षा मोठं आहे, लगेच बोला त्यांच्याशी. बाजारातल्या रंगीत कणकेत बहुधा गहू असतो, प्ले-डोमध्ये तर असल्याचं कंपनीच सांगते. मी तांदळाचं पीठ, मीठ, थोडं तेल, पाणी आणि खाण्याचा रंग शिजवून गोळा करून दिला होता, सगळ्या वर्गासाठीच. आपल्या एकटीचा वेगळा डबा ठेवला की पोराला वेगळं वाटतं. खळीसाठी आरारूट किंवा मक्याचं पीठ चालतं. आणि त्या ताईंना सांगा, सॅनिटायझरने ग्लूटेन जात नाही, हात साबण-पाण्यानेच धुवायचे. हात धुतल्यावर क्रीम लावायला एक लहान डबी त्यांच्याकडे ठेवा, नाव घालून.

कोकणकडा

खळीचं लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे आकाशकंदिलाला अजून मैद्याचीच खळ करतात. भाचीला सीलिअ‍ॅक आहे, बहिणीला धागा पाठवला.

बाळगुटी

दोन गोष्टी राहिल्या.

नवं काहीही आणलं की एकदम अंगभर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला, चांगल्या कातडीवर, रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा. लाल झालं, खाज आली तर ते आपल्यासाठी नाही. अशा वेळी कारण बहुतेकदा ग्लूटेन नसतं, सुगंध नाहीतर टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन असतं. लेबलवर 'फ्रेग्रन्स' किंवा 'परफ्यूम' दिसलं की खाली ठेवा, 'नॅचरल' लिहिलेलं असलं तरी. ओल्या वाइप्समधलं मिथाइलआयसोथायाझोलिनोनही बऱ्याच मुलांना चावतं. 'ग्लूटेन फ्री' छापलेल्या पण अत्तरासारख्या वासाच्या लोशनपेक्षा शिक्का नसलेलं, बिनवासाचं क्रीम तुमच्या लेकीसाठी चांगलं.

आणि चट्टे लाल, ओलसर झाले तर नुसत्या मॉइश्चरायझरने ते बसत नाहीत. तिथे डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइड मलम सांगितलेले दिवस लावायचं असतं, त्याला घाबरून मधेच सोडू नका. पण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब लहान मुलाला कधीही लावू नका. शेजारणीला गुण आला असला तरी. कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो.

गांधी उठून ओठ-डोळे सुजले, आवाज बसला किंवा धाप लागली, तर घरी वाट न बघता थेट दवाखाना.

सांजवारा

अंघोळीचंही सांगा ना. आमच्याकडे निम्मा फरक तिथेच पडला.

बाळगुटी

पाच ते दहा मिनिटं, कोमट पाणी, कढत नाही. साबण रोज सगळीकडे नको. काख, जांघ, पाय पुरे, तोही बिनवासाचा. टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत क्रीम. अंगठा चोखणाऱ्या मुलीच्या हाताला रात्री ती गाढ झोपल्यावर जाड थर लावा. दिवसा पातळ.

अनुस्वार

वाचनमात्र होते, एक शंका. माझा मुलगा दोन वर्षांचा, इसब आहे, पोटही अधूनमधून बिघडतं. हा धागा वाचून आजपासून गहू बंद करून बघू का?

बाळगुटी

नका करू. आधी तपासणी, मग आहार. गहू बंद केल्यावर टीटीजी हळूहळू खाली येतं आणि मग निदान करता येत नाही, पुन्हा गहू खायला घालून तपासावं लागतं. त्याला आहे तसं जेवू द्या, बालरोगतज्ज्ञांना भेटा, टीटीजी आयजीए आणि सोबत एकूण आयजीए या रक्ततपासण्या करायच्या का ते विचारा. इसब असलेल्या बहुतेक मुलांना सीलिअ‍ॅक नसतं.

अनुस्वार

बरं झालं विचारलं. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

भुईकमळ

पाळणाघराच्या ताईंशी बोलले, त्या लगेच तयार झाल्या. तांदळाच्या पिठाचा गोळा मी करून देणार आहे. बिनवासाचं ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेलीचं क्रीम मोठ्या डब्यात आणलं, दंडाच्या आत लावून बघायला सुरुवात केली आहे. सासूबाईंनी सायीची वाटी मला दिली, तूप कढवायला.

आता टूथपेस्ट. ती निम्मी गिळते. लिप बामचंही तसंच.

रानजाई

दोन्ही पोटात जाणारच असं धरून चाला, इथे कडक राहा. टूथपेस्टची यादी पूर्ण वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. तिच्या वयाला पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढीच लागते. ओठांना वेगळा बाम नकोच, पेट्रोलियम जेली किंवा घरचं तूप पुरे. तूप काढताना चमचा कणकेच्या डब्याशेजारचा नको, तिचा स्वतःचा ठेवा.